बापाची तलवार, भाच्याचा हात

तुम्ही हात मोजले नाहीत.

खोऱ्याच्या सभेचे प्रमुख तुम्ही, आणि नियम तुमचाच आहे, शंका असेल तर हात मोजायचे. दोन वर्षांपूर्वी पुलाचा कठडा लाकडी करायचा की लोखंडी, यासाठी तुम्ही सगळ्या खोऱ्याला चार वेळा हात वर करायला लावले होते. चार वेळा! आणि त्या रविवारी, निम्म्या खोऱ्याला माणसांत धरायचं की नाही हा प्रश्न आला तेव्हा, मंचावर काळा झगा पांघरून तुम्ही डावीकडून उजवीकडे एकदा मान फिरवलीत. गुरांच्या बाजारात आमचा शेतकरी कालवड बघायलासुद्धा याहून जास्त वेळ घेतो. म्हणालात, "बहुमत स्पष्ट आहे." आणि पुढचा विषय घेतलात.

क्रेसेन्झ तेव्हा तुमच्यापासून चाळीस पावलांवर होती. सभेतल्या पुरुषांभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणून सांगायचं.

क्रेसेन्झ वरच्या कुरणावरची. चोपन्न वर्षांची, बिनलग्नाची, अकरा गाईंची मालकीण. बाप बाप्टिस्ट सहा वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि त्या सभेच्या आधीच्या ऑक्टोबरात गेला. त्या सहा वर्षांत गवत तिने कापलं, दूध तिने काढलं, छपराच्या फळ्या तिने बदलल्या, कर तिने भरला. हिवाळ्यात खिडकीशी बसून व्यापाऱ्यासाठी रुमालांवर कशिदा भरला, ते वेगळंच. पण सहा वर्षं त्या घरातून सभेत हात वर झाला नाही, कारण बाप उठू शकत नव्हता आणि भाऊ नव्हता.

तिसऱ्या वर्षी सभेने तिच्या कुरणावरचा झरा नव्या हॉटेलला देऊन टाकला. तो झरा तिच्या गाईंचा. तेव्हाही क्रेसेन्झ त्याच पायरीवर उभी होती. वाचून दाखवलेलं तिला ऐकू आलं, हात वर गेलेले दिसले. ती ओरडली नाही, कारण दोरीबाहेरच्या माणसाने ओरडायचं नसतं. तेव्हापासून ती रोज ट्रॅक्टरला टाकी लावून ओढ्यावरून पाणी आणते आणि हॉटेलात पाहुणे तिच्या झऱ्याने पाय धुतात.

गंमत बघा. लष्कराने विमानं घ्यायची की नाही, हे राजधानीतलं, बर्नचं सरकार अकरा वर्षांपासून तिला विचारत होतं. मतपत्रिका पोस्टाने घरी यायची. पाच खोरी ओलांडून असलेल्या सरकारला तिची अक्कल चालत होती. तुम्हाला, म्हणजे तिच्या दारातल्या सरकारला, ती चालत नव्हती. माणूस चंद्रावर जाऊन आला त्यालाही तेरा वर्षं झाली होती तेव्हा.

ईस्टर झालं आणि बुधवारी दुपारी तिचा भाचा रेमिगी वर आला. थोरली बहीण फिलोमेना, तिचा हा धाकटा मुलगा. पंचविशीचा, देखणा, मनाने वाईट नाही. बूट पुसून आत आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

"मावशी, दूध किती निघतं हल्ली?"

"दुधाचं विचारायला अर्धा डोंगर चढलास होय? काय हवंय ते बोल."

रेमिगी कपाटाकडे बघत होता. क्रेसेन्झला कळायचं ते कळलं. कपाटात बाप्टिस्टची तलवार होती, मुठीवर पितळी सिंहाचं तोंड असलेली. सभेच्या दिवशी ज्याच्या कमरेला तलवार असेल त्याला कोणी कागद विचारत नाही. तलवार म्हणजेच मतदार. ज्याच्या घरात तलवार नाही किंवा जी आहे ती मोठ्या भावाकडे गेली, त्याला छापील कार्ड मिळतं. कार्डावरही मत देता येतं, पण पोरं त्यांना 'कार्डवाले' म्हणून हाका मारतात आणि मुली तोंड फिरवून हसतात. रेमिगी पाच वर्षं कार्डवाला होता.

"गेब्हार्डमामा म्हणाले," रेमिगी टोपी फिरवत म्हणाला. गेब्हार्ड म्हणजे दुग्धालयाचा मालक, याचा होणारा सासरा. "म्हणाले, यंदा जावई म्हणून माझ्या शेजारी उभा राहणार असशील तर कमरेला काहीतरी असू दे. बसचं तिकीट दाखवल्यासारखा येऊ नकोस."

"मग घे की त्याची."

"त्यांची त्यांना लागते ना! मावशी, तुला तिचा काय उपयोग? तू काय तिने गवत कापणार आहेस?"

बाप्टिस्टने कागदावर लिहून ठेवलं होतं, घर आणि घरातलं सगळं क्रेसेन्झला. म्हणजे तलवारही तिचीच. क्रेसेन्झने हातातला रुमाल चौकटीतून सोडवला, सुई खोचली.

"यंदाचा सातवा विषय वाचलास?"

रेमिगीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बायकांच्या मताचा."

"तलवार ने. कायमची ने. पण सातव्या विषयाला हात वर करायचा. 'होय'ला."

तो हसला. "त्यात काय! माझं तसं काही विरुद्ध नाहीच आहे. बायकांनी मत दिलं म्हणून डोंगर थोडाच खाली येणार आहे?"

"हे तिथे बोल."

"बोलणार नाही मावशी, तेवढं नको सांगूस. हात वर करीन."

"शब्द?"

"शब्द."

त्याने हात पुढे केला आणि तिने त्यावर टाळी दिली, बाजारात गाय विकताना देतात तशी. अशा टाळीनंतर आमच्याकडे कोणी कागद करत नाही.

इथे क्रेसेन्झ फसली, आणि ती आमच्याच मातीतली म्हणून फसली. आमच्या खोऱ्याला एका गोष्टीचा भारी अभिमान आहे. शहरातली माणसं पडद्यामागे जाऊन चिठ्ठी टाकतात, कोणाला दिलं ते बायकोलाही सांगत नाहीत. आम्ही उघड्या आभाळाखाली हात वर करतो. जो उघड्यावर हात वर करतो तो खोटं वागू शकत नाही, असं आम्हाला पाळण्यात असल्यापासून ऐकवलेलं. क्रेसेन्झने हिशोब केला तो असा, की मी पायरीवरून बघणार आहे, मग हा कुठे जातो?

शनिवारी फिलोमेना आली. सभेसाठी केलेल्या करंज्या फडक्यात बांधून आणलेल्या. टेबलावर ठेवल्या, खुर्चीत बसली आणि एकदम म्हणाली, "पोराच्या मानगुटीवर कशाला बसतेस?"

"सांगितलं का त्याने?"

"रडवेला झालाय. सासऱ्याशेजारी उभं राहायचं आणि सासऱ्याविरुद्ध हात वर करायचा! तुला काय पडलंय? तुझं घर आहे, गाई आहेत, पोटाला आहे. मत काय खायचंय?"

"झरा गेला माझा."

"आला झरा! सहा महिन्यांत एकदा तरी दुसरं काही बोल ग बाई."

"तुझा गेला असता तर?"

"माझा जाणारच नव्हता. माझ्या नवऱ्याने हात वर केला असता विरुद्ध. माझ्याकडे बघ, मी मत देत नाही, मी मत ठरवते. जेवताना त्याला सांगते, आणि रविवारी तो तसा हात वर करतो. मला थंडीत तीन तास उभंही राहावं लागत नाही."

"आणि माझ्या टेबलावर जेवायला कोण बसतं? गाय?"

"लग्न करायचं होतंस."

"म्हणजे मत हवं तर नवरा हवा."

"नवरा म्हण, मुलगा म्हण, कोणीतरी."

"आणि मेला तर? पळून गेला तर? दारू पिऊन पडला तर?"

"वकिलासारखं खोदू नकोस! देवाने सगळ्यांची सोय केलेलीच असते. आणि ऐक, मी त्या कागदावर सही केलीय. आपल्या बायकांना मत नको आहे, त्या कागदावर. एकशे नव्वद जणींनी केलीय. पाद्रीबाबा म्हणाले, बायका त्या चौकात शिरल्या की पुरुष यायचेच बंद होतील. मग कसली सभा आणि कसलं काय?"

"फिलोमेना," क्रेसेन्झ म्हणाली, "तू सही केलीस. कागदावर नाव लिहून सरकारला सांगितलंस, आम्हाला हे नको. म्हणजे मतच दिलंस ना ग?"

फिलोमेनाने फडकं ओढून घेतलं, करंज्या टेबलावर उलट्या केल्या आणि निघून गेली. सख्ख्या बहिणी. एका खाटेवर झोपलेल्या. दार आपटल्यावर क्रेसेन्झने एक करंजी मोडून खाल्ली. चांगली झाली होती. फिलोमेनाचा हात गोड आहे, ते कोण नाकारतंय?

रविवारी प्रार्थना झाली, बँड वाजला आणि तुम्ही मिरवणुकीने आलात. सगळा चौक काळ्या कोटांनी भरला. क्रेसेन्झ सकाळपासून पायरीवर होती, नाहीतर जागा जाते. तिला रेमिगी लगेच दिसला. उन्हात पितळी सिंह चमकत होता. रखवालदाराने मान लववून त्याला दोरीच्या आत सोडलं, कार्ड मागितलं नाही. डाव्या हाताला गेब्हार्ड, उजव्या हाताला रेमिगीचा थोरला भाऊ. रेमिगीची छाती अशी फुगलेली की क्रेसेन्झला हसू आलं. बरं वाटलं तिला. कोटाच्या बाह्या तिनेच दोन दिवस आधी उसवून लांब करून दिल्या होत्या, कारण हात वर गेल्यावर मनगट उघडं पडलं तर वाईट दिसतं. तिने तेवढा विचार केला होता, साहेब.

सातवा विषय आला. आधी गेब्हार्ड चढला मंचावर.

"मंडळी, मी माझ्या बायकोचा आदर करतो. म्हणूनच तिला या चिखलात ओढून आणत नाही!" लोक हसले. "उद्या नवऱ्याचा हात वर आणि बायकोचा खाली, आणि सगळं खोरं बघतंय. मग संध्याकाळी घरी शांततेत सूप मिळेल का कोणाला? आणि हा चौक बघा. आपणच मावत नाही इथे. बायका आल्या तर उभ्या कुठे करायच्या, आपल्या डोक्यावर?"

"बसलेल्याच आहेत!" मागून कोणीतरी ओरडलं. चौकभर हशा. पायऱ्यांवरच्या बायकाही हसल्या. क्रेसेन्झ हसली नाही.

मग गुरांचे डॉक्टर लेओन्झ चढले. म्हातारे, सत्तरीचे, घोगऱ्या आवाजाचे.

"चाळीस वर्षं मी तुमच्या गोठ्यांत येतोय," ते म्हणाले. "गाय अडली की वासराच्या पायाला दोरी बांधून ओढतं कोण? तुमच्या बायका. तुम्ही दाराशी पाईप ओढत उभे असता आणि मला सांगता, जरा जपून. गाय विकायची तर आधी घरात जाऊन बायकोला विचारून येता. मी बघितलंय. बायकोला विचारल्याशिवाय गाय विकत नाही, आणि इथे येऊन सांगता, तिला काय कळतं?"

"डॉक्टर, मग गाईंनाही मत द्यायचं का?"

"द्या की. तुझ्यापेक्षा विचार करून देतील."

याला सगळ्यात मोठा हशा पडला. डॉक्टरांना वाटलं असेल जिंकलो. पण हसणं वेगळं आणि हात वर करणं वेगळं, हे त्या पायरीवर उभं राहणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

तुम्ही म्हणालात, "ज्यांना मान्य आहे त्यांनी."

हात वर गेले. कमी नव्हते. वरच्या बाजूला तरुणांचा एक घोळका होता, तिथे हातांचं रानच उठलं. डॉक्टरांचा गेला. पोस्टमनचा गेला. क्रेसेन्झने ज्याच्याबद्दल स्वप्नातही विचार केला नसता, त्या घंटा बनवणाऱ्या मुक्या लोहाराचाही गेला. तिची नजर रेमिगीवर होती. त्याचा उजवा खांदा हलला. कोपर कोटापासून सुटलं. तिने पाहिलं, शपथेवर सांगेल ती, कोपर सुटलं होतं.

आणि गेब्हार्डने मान वळवली. नुसतं बघितलं. थोरल्या भावानेही बघितलं. मागच्या रांगेतल्या चौघांनी बघितलं. रेमिगीचा हात कोटाच्या बटणापर्यंत आला आणि त्याने बटण नीट केलं.

तेव्हा क्रेसेन्झला कळलं. उघड्यावर हात वर करायचा असतो म्हणजे तो एकट्या मावशीला दिसत नाही, सगळ्यांना दिसतो. बायकोला, बहिणीला, मावशीला दिलेला शब्द घराच्या चार भिंतींत असतो. चौकात सासरा असतो. पडद्यामागे चिठ्ठी टाकायला मिळाली असती तर ते पोर खरं वागलं असतं. आमच्या अभिमानानेच त्याला खोटं पाडलं.

"ज्यांना मान्य नाही त्यांनी."

इथे तो गप्प उभा राहू शकला असता. कोणी हिशोब ठेवत नव्हतं. पण आधी कोपर हललं होतं ना, ते पुसायला हवं होतं. रेमिगीचा हात सरळ, ताठ, सगळ्यांच्या आधी वर गेला. बाही मनगटापर्यंत छान बसली होती. डाव्या हाताने त्याने तलवारीची मूठ धरलेली.

मग तुमची ती मान. बहुमत स्पष्ट आहे.

जेवणाच्या वेळी क्रेसेन्झ चौकातल्या खानावळीत गेली. त्या दिवशी तिथे बायका फक्त वाढायला असतात. आत शिरल्याबरोबर भिंतीला खुंट्यांची रांग, आणि पुरुषांनी जेवायच्या आधी काढून टांगलेल्या तलवारी. मधल्या टेबलावर तुम्ही, शेजारी गेब्हार्ड, पलीकडे रेमिगी. सॉसेज आलेलं, सूप आलेलं.

क्रेसेन्झने सिंहाच्या तोंडाची तलवार खुंटीवरून काढली.

"अहो बाई!" गेब्हार्ड उठला. "चोरी करताय का?"

"माझी आहे. सौदा मोडला, माल परत."

"मावशी," रेमिगी पुटपुटला. त्याच्या तोंडात घास होता. "मावशी, तिथे उभं राहून बघ तू. शंभर डोळे होते माझ्यावर."

"माझे दोन होते. ते मोजले नाहीस?"

गेब्हार्डने हसत हसत तुमच्याकडे वळून विचारलं, "साहेब, तुम्हीच सांगा. सभेच्या दिवशी तलवार कोणाची?"

आणि तुम्ही चमचा खाली ठेवून, अगदी प्रेमाने, लहान मुलीला समजावतात तसं सांगितलंत. "बाई, आपल्याकडे जुनी रीत आहे. सभेच्या दिवशी ज्याच्या कमरेला तलवार, त्याची ती. ठेवा परत आणि घरी जा. दमला असाल."

क्रेसेन्झने पट्टा उलगडला. बाप्टिस्टचा पट्टा, तिला दोन भोकं सैल होत होता. रविवारच्या काळ्या पोशाखावरून तिने तो कमरेला गुंडाळला, बक्कल लावलं. तलवार तिच्या घोट्यापर्यंत आली. ती तुमच्या टेबलासमोर उभी राहिली.

"आता?" ती म्हणाली. "आता कोणाची?"

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. वाढणारी पोरगी हातात भांडं धरून तशीच उभी. गेब्हार्डने तुमच्याकडे बघितलं. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही सूप प्यायलात.

दोन चमचे. तिसरा. मग रेमिगी उठला, टेबलाला वळसा घालून आला. त्याचे डोळे भरले होते, हे खरं आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. "नको ना मावशी, सगळे बघताहेत," म्हणाला आणि तिच्या कमरेचं बक्कल सोडायला लागला. दोनदा ते बोटांतून निसटलं. क्रेसेन्झने अडवलं नाही. लहानपणी तिने त्याच्या पँटची बटणं अशीच लावली होती. कोणीही "थांब" म्हणालं नाही. डॉक्टर कोपऱ्यात होते, त्यांनीही म्हटलं नाही. तलवार खुंटीवर गेली आणि जेवण पुढे चालू झालं.

ती चालत वर आली. चारची धार काढायची होती.

त्यानंतर फिलोमेना तिच्याशी बोललेली नाही. रेमिगीच्या लग्नाला तिला बोलावणं आलं नाही. फोटो मात्र तिने दुग्धालयाच्या भिंतीवर बघितला, दूध घालायला जाते तेव्हा रोज बघावा लागतो. नवरा, नवरी, कमरेला सिंहाचं तोंड. यंदाच्या विषयपत्रिकेत सातवा विषय नाहीच. गुरांच्या रोगाची लस आहे, शाळेची घंटा आहे, पोलिसाला नवी मोटार आहे.

क्रेसेन्झने तुम्हाला तीन पत्रं पाठवली. तिन्ही रजिस्टर, तिन्हींवर तुमच्या कचेरीची पोच. तिचं लिहिणं शाळेतल्यासारखं गोल आहे, वाचता आलं नाही असं म्हणू नका. तिन्हीत एकच ओळ होती. झरा मागितला नव्हता, मत मागितलं नव्हतं, माफीही नाही. त्या दुपारी भर खानावळीत जे विचारलं तेवढंच. रीत तुम्ही सांगितलीत. ज्याच्या कमरेला त्याची. ती चाळीस माणसांसमोर तुमच्यापुढे उभी होती, तलवार तिच्या कमरेला होती, बक्कल लागलेलं होतं. तेव्हा ती कोणाची होती? तिची असेल तर तिला दोरीबाहेर का ठेवलंत? तिची नसेल तर रीत खोटी, आणि तुमची सगळी सभा खोटी.

दोन्हींपैकी कुठलं, ते सांगा. सूप संपलं असेल एव्हाना. उत्तर द्या.